पहिला अर्धा तास: पहाटे सव्वाचारला उठण्याच्या नोंदी

मी नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात मेन्टेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. घर मानेवाड्याला. ३ फेब्रुवारीपासून जूनअखेरपर्यंत मला सलग फर्स्ट शिफ्ट लागली आहे, सकाळी ६ ते दुपारी अडीच. कंपनीची बस मानेवाडा चौकात ५:१० ला येते, म्हणजे ४:१५ ला उठल्याशिवाय गत्यंतर नाही. हिंगणा, बुटीबोरी, कोराडी, खापरखेडा या बाजूंना जाणारी कितीतरी माणसं याच वेळी उठतात. उठल्यावरचा पहिला अर्धा तास डोकं जड असतं, ते हलकं करायचे प्रयोग मी केले. त्यांच्यापैकी कोणाला ते करून पाहायचे असतील तर उपयोगी पडावं म्हणून तारखा, खर्च आणि चुका सगळं लिहीत गेलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

या कामाची सुरुवात आजच्या प्रसंगाने झाली. बाबांना सकाळी रक्तदाबाची गोळी असते, ती निघण्याआधी मी देतो. ४:२० ला डबा उघडला, गोळी काढली, ग्लासात पाणी घेतलं आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाले, "बाबू, हे रात्रीची गोळी होय. डोये उघडे आहे तुये, पण तू जागा नाही झाला अजून."

मी डब्याकडे पाहिलं. झाकणावर माझ्याच अक्षरात 'रात्र' लिहिलं होतं. उघडताना मी ते वाचलंही होतं. अक्षरं दिसली होती, अर्थ लागला नव्हता. बाबा एरवी त्या वेळी चष्मा लावत नाहीत, आज लावला होता म्हणून निभावलं.

दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. ४१५ व्होल्टचं पॅनल उघडताना मी तीनदा खात्री करतो, आणि घरात वडिलांच्या औषधाची एकदाही केली नाही. काल रविवार होता, साडेआठपर्यंत झोपलो होतो, रात्री पावणेबारापर्यंत डोळा लागला नव्हता. साडेचार तासांची झोप.

१२ फेब्रुवारी

माझं जे झालं त्याला झोपेची जडता म्हणतात. डोळे उघडतात, माणूस चालतो, बोलतो, पण मेंदूचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. श्वास आणि हालचाल सांभाळणारे खोलवरचे भाग आधी उठतात. विचार करून ठरवणारा कपाळामागचा भाग मागाहून येतो. साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात, झोप अपुरी असेल तर तासभरही. गाढ झोपेच्या मधोमध उठवलं तर जास्तच.

दोन गोष्टी करायचं ठरवलं. एक, ही जडता मोजायचा डबा. मोजल्याशिवाय काय सुधारलं ते कळणार नाही. दुसरी, पहाट होते तसा हळूहळू उजळणारा दिवा. फेब्रुवारीत नागपुरात सूर्य पावणेसातला उगवतो. मी उठतो त्यानंतर अडीच तासांनी.

गोळ्यांचं मात्र आजपासूनच बदललं. सकाळची गोळी मी आदल्या दुपारी साडेतीनला काढून, वेगळ्या वाटीत, बाबांना दाखवून ठेवतो. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

१६ फेब्रुवारी, रविवार

बर्डीच्या बाजारात गेलो. ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा कंट्रोलर) ४८० रुपये, १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी ५ मीटर ३८०, अ‍ॅडॉप्टर २६०, १२ चे ५ व्होल्ट करणारं मॉड्यूल ७०, दोन आयआरएफ५४० मॉसफेट (पट्टीचा उजेड कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) ६०, मोठं दाबायचं बटण ६०, वायर आणि बोर्डपट्टी ११०. पट्टी दीड मीटरच लागली, बाकी पडून आहे. सुटी मिळाली तर सुटीच घ्या.

२० फेब्रुवारी

मोजायचा डबा तयार. २ ते ८ सेकंदांत कधीही लाल दिवा लागतो, लागला की बटण दाबायचं. ३ मिनिटं हे चालतं. शेवटी सरासरी मिलिसेकंद दाखवतो, आणि अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागलेले दाब वेगळे मोजतो. त्यांना मी 'चुकलेले' म्हणतो.

पहिले आकडे:
संध्याकाळी ५ वाजता, ताजातवाना: २८५, चुकलेला एकही नाही.
पहाटे ४:१७: ५१०, चुकलेले १४.
४:३५: ३९०, चुकलेले ५.
५:००: ३३०, चुकलेले २.

५ वाजताचा आकडा मी बराच वेळ पाहत बसलो. ५ वाजता मी बाईक काढून अंधारात रिंगरोडवर येतो. तेव्हाही २ चुकलेले. अर्ध्या सेकंदात ४० च्या वेगाने गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. उद्यापासून चौकापर्यंत पायी जाणार.

२४ फेब्रुवारी ते ९ मार्च

हे दोन आठवडे ९० मिनिटांच्या हिशेबात गेले. सगळीकडे सांगतात की झोपेचं एक चक्र ९० मिनिटांचं, म्हणून ९० च्या पटीत झोपा आणि चक्र संपताना उठा, ताजे उठाल. मलाही ते पटलं होतं. यंत्राची सायकल पूर्ण होऊ दिल्यावर बंद करावं, तसं काहीतरी.

पहिला आठवडा १०:१५ ला झोपलो: ६ तास, ४ चक्रं, हिशेब बरोबर. दुसरा आठवडा मुद्दाम चुकीच्या वेळी, ९:३० ला: पावणेसात तास, म्हणजे हिशेबाने चक्राच्या मधोमध गजर.

४:१७ ची सरासरी: पहिला आठवडा ४९५, दुसरा ४५०.

'चुकीची' वेळ बरी निघाली. कारण शोधायला गेल्यावर माझी चूक उमगली. ९० ही सरासरी आहे. चक्र ७० मिनिटांचंही असतं, १२० चंही, आणि एकाच माणसाच्या एकाच रात्रीत पहिलं आणि चौथं सारखं नसतं. डोळा कधी लागला तेही आपल्याला नेमकं कळत नाही. चार चक्रांत प्रत्येकी दहा मिनिटांची चूक धरली तरी शेवटी चाळीस मिनिटांची गफलत होते. त्यात चक्रं आतून एकसारखी नसतात. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात गाढ झोप जास्त, पहाटेकडे ती जवळजवळ संपते आणि हलकी झोप व स्वप्नांची झोप वाढते. म्हणजे रात्री झोप नीट झाली असेल तर सव्वाचारला गाढ झोपेत सापडायची शक्यता मुळातच कमी. झोपेची उधारी असेल तर मात्र शरीर गाढ झोप आधी वसूल करतं, ती पहाटेपर्यंत लांबते, आणि गजर नेमका तिच्यात वाजतो.

दोन आठवडे गेले, पण ९० चं गणित डोक्यातून निघालं. आता एकच आकडा पाहतो: एकूण किती झोपलो.

११ मार्च

दिव्याकडे वळलो. मॉसफेट हाताला चटका देईल इतका तापला आणि पट्टी मिणमिणतीच. एक संध्याकाळ सोल्डर तपासण्यात घालवली. दोष सोल्डरचा नव्हता. आयआरएफ५४० पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या टोकावर, १० व्होल्ट लागतात आणि ईएसपी३२ देतो ३.३. अर्धवट उघडा राहतो, म्हणून तापतो. कमी व्होल्टवर उघडणारा आयआरएलझेड४४एन आणला, ४५ रुपये, पाच मिनिटांत काम झालं. इलेक्ट्रिशियन असून हे आधी पाहायला हवं होतं.

१३ मार्च

पहिली पहाट. ३:४५ ला सुरू होऊन ४:१५ ला पूर्ण उजेड अशी बेतली होती. दिवा लागला आणि मी दचकून ३:४८ लाच उठलो. प्रोग्रॅममध्ये उजेड दर मिनिटाला सारख्या मापाने वाढवला होता. पण डोळा उजेडाचा फरक बेरजेत मोजत नाही, पटीत मोजतो. १ चे २ झाले तर खोली बदलते, १०१ चे १०२ झाले तर काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या तीन मिनिटांतच सगळं उजळलं आणि पुढची सत्तावीस मिनिटं नुसता दिवा जळत राहिला.

दुरुस्ती: दर मिनिटाला आधीच्या १.३२ पट. १ पासून निघून तिसाव्या मिनिटाला ४०९५ पर्यंत, म्हणजे पूर्ण उजेडाला, पोचतो. आणखी एक, अ‍ॅडॉप्टर बारीक शिट्टी वाजवत होता. दिवसा ऐकू येत नाही, पहाटे साडेतीनच्या शांततेत कानात घुसते. पट्टी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त होतो (पीडब्ल्यूएम), तो वेग १ किलोहर्ट्झ होता, साडेएकोणीसवर नेला, शिट्टी गेली.

उद्या धूळवड, सुटी. परवापासून पुन्हा.

१९ मार्च

दिवा आता खरंच पहाटेसारखा येतो. आधी भिंतीवर तांबूस सावट, मग खुंटीवरचा शर्ट दिसू लागतो, मग शर्टाची बटणं. बटणं दिसेपर्यंत मी बहुतेक जागा झालेला असतो.

पण बायको सहापर्यंत झोपते. चार दिवस ती काही बोलली नाही, आज बोलली. "अहो, चार वाजता सूर्य उगवून राहिला आपल्या घरात. मी कुठं झोपू?" तिचं बरोबर होतं. माझी झोप सुधारायला मी तिची साखरझोप मोडत होतो. साखरझोप हा शब्दच किती नेमका आहे. पहाटेच्या त्या झोपेत स्वप्नं सगळ्यात जास्त असतात, आणि ती तुटली की माणूस दिवसभर कावलेला राहतो.

पट्टी ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसवली, वर दुधी पट्टी, २४० रुपये. पलंगाच्या माझ्या बाजूला, उशीच्या पातळीवर, तोंड भिंतीकडे. उजेड भिंतीवरून माझ्या चेहऱ्यावर येतो, तिच्याकडे पाठ फिरवली की पोचत नाही. शेवटच्या पाच मिनिटांचा जोरही अर्ध्यावर आणला.

त्याच दिवशी तिने एक काम स्वतःहून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मी ज्या दिवशी दुपारी घरी येऊन कोणावर तरी खेकसतो, त्या तारखेला ती पेन्सिलने ठिपका देते. मागचं आठवून फेब्रुवारीचेही दिले: १७ ठिपके. मला त्यातले फार तर चार-पाच आठवत होते.

२३ मार्च, रविवार

शुक्रवारी रात्री वीज गेली, पावणेदोनला परत आली. राउटर काही चालू झाला नाही, बोर्डला इंटरनेटवरून घड्याळाची वेळ मिळाली नाही आणि दिवा लागलाच नाही. मोबाइलचा गजर होता म्हणून उठलो. घड्याळाचं डीएस३२३१ मॉड्यूल घेतलं, १९० रुपये. एक सूचना: या मॉड्यूलवर बहुतेक वेळा सेल चार्ज करायची सोय असते, आणि आपण त्यात घालतो तो सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतोच. तो फुगू शकतो. डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकला. शिवाय राउटरला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, ११५०. या सगळ्यात महाग हीच वस्तू.

२७ मार्च

दिवा येऊन दोन आठवडे झाले. ४:१७ ची सरासरी ४५० वरून ४२५. मला जास्तीची आशा होती. आज दुपारी खरा चोर सापडला.

मी तीन-सव्वातीनला घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. 'थोडं पडतो' म्हणत पावणेचार ते पावणेसहा. आज उठलो तेव्हा मला वाटलं सकाळ झाली आणि बस गेली. पायात मोजे घालायला सुरुवात केली होती. बाबा पाहत होते, त्यांनी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. लगेच डबा हातात घेतला: ५६०, चुकलेले १८. पहाटेपेक्षाही वाईट, आजवरचा सगळ्यात वाईट आकडा.

त्यामागचं कारण असं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. झोपलो की तो उतरतो. दुपारी दोन तास झोपलं की दोन गोष्टी होतात. तासाभरात माणूस पुरता गाढ झोपेत जातो, म्हणून उठताना जडता भयंकर. आणि दाब आधीच उतरल्यामुळे रात्री साडेनऊला झोप येत नाही. मी दीड महिना रात्रीच्या झोपेची उचल दुपारीच घेत होतो, आणि दिवे बनवत होतो.

नवा नियम: दुपारची डुलकी २० मिनिटं, चारच्या आत, खुर्चीत बसून, पाय स्टुलावर. पलंगावर नाही. झोपायच्या आधी अर्धा कप चहा. चहातलं कॅफिन चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, उठायच्या वेळीच ते कामाला लागतं. त्यानंतर दिवसभर चहा बंद, कारण कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी साडेसहाचा चहा सोडणं मला या सगळ्यात अवघड गेलं. आई-बाबा, बायको, मी, असं बसून प्यायची ती वेळ. आता मी लिंबू-पाणी घेऊन बसतो.

६ एप्रिल, रविवार

आठ दिवसांत पहाटेचा आकडा ३९५ वर आला. पण सोमवारी पुन्हा ४७०, मंगळवारी ४३५. प्रत्येक आठवड्याचा सोमवार असाच. रविवारी सात-साडेसातपर्यंत झोपण्याची ही किंमत.

यात आणखी एक गुंता निघाला. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास. त्या तळानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड शरीराचं घड्याळ लवकरकडे ओढतो. त्याआधी पडलेला उजेड उलट उशिराकडे ढकलतो. रविवारी साडेसातला उठलो की माझा तळ उशिराकडे सरकतो. सोमवारी पावणेचारला दिवा लागतो तो तळाच्या आधी पडू शकतो. म्हणजे माझाच दिवा मला संध्याकाळी उशिरा झोपायला लावत असावा.

दिव्याचा दोष नव्हता, रविवारचा होता. आता रविवारीही ५:१५ च्या आत उठायचं. दुपारी वीस मिनिटं पडता येतंच. रात्री आठनंतर समोरच्या खोलीतली ट्यूब बंद, ९ वॅटचा पिवळा बल्ब. मुलीने पहिल्या दिवशी विचारलं, "लाइट गेली का?" दोन दिवसांत सवय झाली.

१५ एप्रिल

१३ च्या रात्री १२ वाजता आम्ही सगळे संविधान चौकात होतो, दरवर्षी असतो. तिथून दीक्षाभूमी. घरी यायला अडीच वाजले. ती रात्र मी कुठल्याही नोंदीसाठी सोडणार नाही. १४ ला सुटी होती. सकाळी साडेसहाला उठलो, नेहमीसारखं साडेआठ-नऊला नाही. दुपारी दीड तास नाही, वीसच मिनिटं. रात्री नऊला पडलो आणि लगेच झोप लागली. आज ४:१७ ला ४०५. फेब्रुवारीत एका जागरणाने चार दिवस नासले असते.

१८ एप्रिल

भाच्याचा मनगटी पट्टा आठवडाभर वापरून पाहिला. काल रात्री अर्धा तास जागाच होतो, छताकडे पाहत, अजिबात न हलता. सकाळी पट्ट्याने तो अर्धा तास 'गाढ झोप' म्हणून दाखवला. हा पट्टा हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतो. झोपेचे टप्पे खरे पाहायचे तर डोक्यावर तारा लावून मेंदूचे विद्युत संकेत घ्यावे लागतात. किती वाजता आडवा झालो, किती वाजता उठलो, एवढ्यापुरता तो ठीक. भाच्याला परत दिला.

२६ एप्रिल

आज पहाटे काहीतरी पाहिलं. ४:२५ ला बाबांच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो. ते झोपले होते. दाराच्या फटीतून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं सरसर हलत होती, डावीकडे, उजवीकडे, मग थांबून पुन्हा. हातपाय अगदी सैल, बोट न बोट शांत. फक्त डोळे जणू काही वाचत होते.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी हेच जगासमोर मांडलं. असेरिन्स्कीने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून रात्रभर नोंदी घेतल्या होत्या. झोप म्हणजे नुसतं विझणं नव्हे, तिच्यात डोळे धावतात, मेंदू जागेपणीइतकाच गजबजतो, आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. त्या वेळी अंगाचे स्नायू सुटलेले असतात म्हणून स्वप्नातलं धावणं पलंगावर होत नाही.

मी दोन-तीन मिनिटं तिथंच उभा होतो. बाबा सत्तरी ओलांडलेले. स्वप्नात कुठे होते कोण जाणे. तांब्या आवाज न करता ठेवला आणि निघालो. दुपारी विचारलं तर म्हणाले, "काही नाही आठवत रे." त्या झोपेतून आपोआप पुढच्या टप्प्यात गेलं की आठवत नाहीच.

मग लक्षात आलं, फेब्रुवारी-मार्चच्या वहीत माझ्या एकाही स्वप्नाची नोंद नाही. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाच आहेत. रात्र उशिरा सुरू करून ४:१५ ला कापत होतो तेव्हा कापला जाणारा हिस्सा नेमका स्वप्नांचा होता. बायकोच्या कॅलेंडरवर एप्रिलचे ठिपके: ६.

४ मे, रविवार

उन्हाळ्याने सगळं मोडलं. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं, आणि आमचा स्लॅब रात्री अकरापर्यंत वरून भाजत असतो. साडेनऊला पडून अकरा वाजता डोळा लागायचा. तीन दिवस गच्चीवर झोपलो. हवा चांगली, पण रस्त्यावरचा पांढरा दिवा सरळ तोंडावर आणि दोन वाजता कुत्री. गच्ची सोडली.

जे चाललं ते: संध्याकाळी सातला गच्चीवर बादलीने पाणी. कूलरच्या ताट्या नव्या वाळ्याच्या, ६०० रुपये. कूलर समोरची खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर आतली हवा दमट होऊन अंगाला चिकटते. खिडकी उघडी म्हणून रस्त्याचा उजेड येतो, त्यासाठी जाड पडदा, ९००, खालून मोकळा ठेवलेला. आणि साडेआठला आंघोळ, कोमट पाण्याची. बाबांना हे चुकीचं वाटलं, "एवढ्या उकाड्यात गरम पाणी काहून?" कोमट पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता हातापायांतून बाहेर पडते. थंडगार पाण्याने त्या आकसतात. दोन्ही तीन-तीन दिवस करून पाहिलं. कोमट पाण्याच्या दिवशी अंदाजे वीस मिनिटं आधी झोप लागली.

कूलरची घरघर मला त्रासाची वाटेल अशी भीती होती. ती एकसारखी असल्याने बाहेरचे आवाज झाकते. पंप मध्येच कोरडा पडला की मात्र आवाज बदलतो आणि जाग येते. टाकी झोपण्याआधी काठोकाठ भरायची.

१८ मे

बसमध्ये आता डावीकडची खिडकी धरतो. वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना पूर्व डावीकडे असते. मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे वाटेतच. पूर्वी मी पडदा ओढून पेंगत असे आणि गेटवर पुन्हा जड डोक्याने उतरत असे. आता डोळे उघडे ठेवून बाहेर पाहतो. हा उजेड तळानंतरचा आहे, फुकट आहे, आणि माझ्या दीड मीटर पट्टीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे.

१ जून

खात्यातल्या एका सोबत्याने हाच दिवा बनवला, वेळाही पाळल्या. महिना झाला, फरक नाही. सात-सात तास झोपूनही तो सकाळी दगडासारखा. बोलताना कळलं, तो जोरात घोरतो आणि मध्येच श्वास अडकून दचकतो, असं त्याची बायको सांगते. त्याला म्हटलं, दिवा ठेव बाजूला, आधी डॉक्टरकडे जा. रात्रभर तारा लावून तपासणी झाली. झोपेत श्वास थांबतो असं निघालं. त्याची झोप तासाला कितीतरी वेळा मोडत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. असं काही असेल तर माझ्या नोंदींवर वेळ घालवू नका.

८ जून, रविवार

एकूण खर्च ४,५४५ रुपये, त्यात ६० वाया. काम हाताचं साधारण २५ तास, चुकीच्या प्रयोगांत गेलेले आठवडे तीन.

कालचे आकडे: ४:१७ ला ३७५, चुकलेले ३. ४:३५ ला ३१०, चुकलेला १. ५:०० ला २९०, चुकलेला नाही. पहिला आकडा अजून दिवसाच्या २८५ पासून लांबच आहे. महिनाभर तो तिथंच अडकलाय आणि तो फार खाली जाईल असं आता मला वाटत नाही. म्हणून ४:३५ पर्यंत मी फक्त तोंड धुणं, पाणी पिणं आणि कपडे घालणं करतो. गॅससुद्धा पेटवत नाही, चहाचं पाणी ४:४० ला ठेवतो.

मेचे ठिपके ४. जूनचा अजून एकच, तो आजचा, आणि त्याचं कारण झोप नव्हती.

काल रात्री वादळ झालं आणि वीज गेली. यूपीएसवर दिवा ३:४५ ला वेळेवर लागला. खोलीत दुसरा कुठलाच उजेड नव्हता, कूलर बंद, पावसाचा वास येत होता. बाबा उठून दारात उभे होते. त्यांनी वाटीतली पांढरी गोळी उचलली, दिव्याजवळ धरली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सकाळची आहे, बाबा." त्यांनी ती घेतली.